खाऱ्या पाण्याची सोयरीक

अकोट तालुक्यातल्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका, अशी तिची विनंती आहे, म्हणून छापत नाही. पत्र चार पानी. पहिल्या तीन पानांत आपल्या सदराकडे नेहमी येतात तशाच तक्रारी आहेत. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, स्टीलच्या भांड्यांवर पांढरे डाग राहतात, केसांच्या जटा होतात. चौथ्या पानाच्या अगदी तळाशी, कागद संपत आला तेव्हा बारीक अक्षरात खरी गोष्ट आली आहे. 'आमचे हे म्हणतात, शेत विकून अकोल्याला जाऊ. सासूबाई म्हणतात, मी मेल्यावर जा. मला कोणीच विचारलं नाही. ताई, तुम्हीच सांगा, काय करू?'

आधी पहिल्या तीन पानांचं उत्तर देते, म्हणजे चौथ्यासाठी निवांतपणा मिळेल.

डाळ शिजवायला आणि भिजवायला गोडं पाणी वेगळं राखून ठेवावं, मग धुणं-भांडी कशाने का होईनात. मीठ, चिंच, टमाटा हे सगळं डाळ पुरती शिजल्यावर घालावं. आंबटाने डाळ आणखी निबर होते. खायचा सोडा चिमूटभर चालतो, पण रोज नको, त्याने डाळीतलं सत्त्व कमी होतं. कपड्यांना साबणाच्या वडीपेक्षा धुण्याची पावडर बरी, जड पाण्यात वडी नुसती झिजते. भांड्यांवरचे डाग व्हिनेगरने निघतात. आणि एक गोष्ट ठळक अक्षरात लिहून भिंतीवर लावा. पाणी उकळल्याने जंतू मरतात, खारेपणा जात नाही. उलट पाणी आटतं आणि मीठ तेवढंच राहतं, म्हणजे ते जास्तच खारं होतं. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, मीठ बसत नाही. घरात कोणाला रक्तदाबाचा त्रास असेल तर जेवणातल्या मिठाबरोबर पाण्यातलंही मीठ डॉक्टरांच्या कानावर घालावं. ते आपण सांगतच नाही.

हे सगळं मला पुस्तकात वाचून कळलेलं नाही. माझं माहेर दर्यापूर तालुक्यातलं. १९७९ साली लग्न होऊन अमरावतीला आले तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या हातची डाळ इतकी गळाली, की सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, पिठलं केलंस का वरण?" माहेरी दोन तास शिजवायची सवय होती, तेवढंच शिजवलं होतं!

ज्यांचं माहेर-सासर दोन्ही गोड्या पाण्याचं, त्यांच्यासाठी थोडं सांगते. सातपुड्याचा पायथा सोडून दक्षिणेला उतरलं, की पूर्णेच्या दोन्ही अंगांना काळ्या मातीचा सपाट पट्टा लागतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत मिळून तो सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर पसरला आहे. त्यात नऊशेच्या आसपास गावं येतात. हाच आपला खारपाणपट्टा. जमीन सोन्यासारखी, कापूस, तूर, हरभरा उत्तम, पण विहीर खणली की खारं पाणी. ते शेताला दिलं तर माती चिकटून दगडासारखी होते, म्हणून विहीर असूनही वावर कोरडवाहूच. इथे कोणे एके काळी समुद्र होता, असं आजी सांगायची. जाणकार मात्र पूर्णेने आणून टाकलेल्या गाळाच्या खोल थरांत साचलेल्या क्षारांचं आणि पाण्याचा निचरा न होण्याचं कारण देतात. काही असो, समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर, आणि मीठ मात्र घागरीत.

आता वान आणि शहानूर धरणांवरून पाइपलाइनी आल्या आहेत, कित्येक गावांत नळ आला आहे. पण नळ आला म्हणजे पाणी आलं असं नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. मग कॅन विकत घ्यायच्या. आणि मूत्रपिंडाच्या दुखण्याची धास्ती त्या पट्ट्यातल्या घरोघरी आहे, ती वेगळीच.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात कावडयात्रा निघते. गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरायचं आणि खांद्यावर कावड घेऊन रात्रभर चालत येऊन राजराजेश्वराला घालायचं. रस्त्यात ढोल वाजतात, कोणी पाय चेपतं, कोणी चहा देतं. मी लहानपणी हे पाहून आईला विचारलं होतं, तू रोज पाणी आणतेस तेव्हा ढोल का नाही वाजत? आईने पाठीत एक धपाटा घातला.

ह्या पाण्याची झळ लग्नाच्या बाजारात कशी लागते, तेही माहीत असू द्या. माझ्या भावाचा मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, आठ एकर वावर. पाच वर्षं मुली पाहिल्या. पाहुणे यायचे, पोहे खायचे, घर पाहायचे, आणि निघताना अंगणात एकमेकांशी बोलायचे. ते वहिनीला स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकू यायचं. "पोरगा चांगला हाये, वावर हाये, पन पानी खारं हाये ना बापा. पोरीचा जलम डोक्यावर गुंडी घेऊन जाईन." वहिनी कोणावर रागावणार? तिनेच स्वतःच्या मुलीला अचलपूरच्या गोड्या पाण्यात दिलं आहे.

हे पत्र वाचताना मला पाककृतींच्या वहीत ठेवलेलं एक कात्रण आठवलं. २०२५ च्या जुलैमध्ये ह्यांनी सकाळी पेपर वाचता वाचता मोठ्याने म्हटलं, "अगं, एका अख्ख्या देशाने घर सोडायला अर्ज केलाय." प्रशांत महासागरात टुवालू नावाचा देश आहे. नऊ बेटं, सगळी मिळून २६ चौरस किलोमीटर, वस्ती दहा-अकरा हजारांची. आपल्या शहराच्या एखाद्या प्रभागातच मावतील. जमीन समुद्रापासून सरासरी दोन मीटरच उंच. समुद्र चढतो आहे, म्हणून ऑस्ट्रेलियाने २०२३ साली त्यांच्याशी करार केला, की दर वर्षी २८० जणांना कायमचं येऊन राहता येईल. पहिली सोडत २०२५ मध्ये निघाली. अर्ज करणारे आणि त्यांची घरची माणसं मिळून ८,७५० नावं आली. म्हणजे दहांतली आठ माणसं तर नक्कीच.

मी ह्यांना विचारलं, "समुद्र त्यांच्या घरात शिरला का?" हे म्हणाले, "अजून तसा नाही." मग घर बुडायच्या आधीच इतकी माणसं का निघाली, हे काही माझ्या डोक्यातून जाईना. पुढे मिळेल ते वाचत गेले, तेव्हा कळलं, की समुद्र आधी उंबऱ्यात येत नाही, विहिरीत येतो.

ते कसं, ते सांगते. ही बेटं पोवळ्याच्या वाळूची. पाऊस पडला की वाळूत मुरतो आणि खाली झिरपलेल्या समुद्राच्या पाण्यावर तरंगत राहतो, कारण गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं. दुधावर साय धरते ना, तसा गोड्या पाण्याचा एक थर. विहिरी उथळ, वरची साय तेवढी काढून घ्यायची. समुद्राची पातळी चढली, मोठी भरती जमिनीवरून वाहून गेली, किंवा पाऊसच झाला नाही, की साय पातळ होते आणि खालचं खारं पाणी वर येतं. गाव नकाशावर जिथल्या तिथे असतं, झाडं उभी असतात, आणि घागरीत मीठ आलेलं असतं. हे वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला. हे मला कोणी समजावून सांगायची गरजच नव्हती.

समुद्र का चढतो, हे मुलांना विचारलंत तर ती पटकन सांगतील. पाणी तापलं की थोडं फुगतं. पृथ्वीवर कोळसा, तेल जाळून जाळून हवा तापली, ती उष्णता समुद्राने पोटात घेतली. शिवाय डोंगरांवरचं आणि जमिनीवरचं बर्फ वितळून त्यात भर घालतं. सरबताच्या पेल्यात आधीच तरंगणारा बर्फ विरघळल्याने पेला सांडत नाही, पण वरून नवे खडे टाकत राहिलात तर सांडतो, तसं हे. १९०१ ते २०१८ या काळात जगभरची समुद्राची पातळी सरासरी २० सेंटीमीटरने चढली. वीतभर. आपल्या ओट्याला वीतभर काय होतं? पण जिथे सगळा देशच ओट्याएवढा, तिथे वीत फार झाली. आणि त्या बेटांवर गिरण्या किती, मोटारी किती? कोळसा जाळला दुसऱ्यांनीच.

आपलं मीठ जुनं आणि मातीतलं, त्यांचं नवं आणि समुद्रातलं. कारण एक नाही, हे मी कबूल करते. पण चूल तीच.

२०११ साली टुवालूत पाऊस पडेना, विहिरी खारावलेल्या, छपरावरच्या पाण्याच्या टाक्या कोरड्या. सरकारने आणीबाणी जाहीर केली, आणि राजधानीच्या बेटावर घरटी दिवसाला दोन बादल्या पाणी मिळू लागलं. चाळीस लिटर, सगळ्या घराला. त्यातच लेकराचं आंघोळ-पाणी, स्वयंपाक आणि म्हाताऱ्या माणसांचं सगळं. न्यूझीलंडहून विमानाने खारं पाणी गोडं करायची यंत्रं आली. आपल्या शेजारच्या मालदीवची राजधानी माले तर अशा यंत्रावरच जगते. २०१४ च्या डिसेंबरात तिथल्या यंत्रालयाला आग लागली, तेव्हा भारताने विमानं आणि जहाजं भरून पाणी पाठवलं. आपल्याकडे २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, ते तुम्हाला आठवत असेल.

आणि अळू. हो, आपलं अळूच म्हणा, त्याच गोतातला एक मोठा कंद. तिथे त्याला पुलाका म्हणतात. गोड्या पाण्याचा थर लागेपर्यंत खड्डा खणायचा, पालापाचोळा घालून खत करायचं आणि त्यात तो लावायचा. पिढ्यानपिढ्या हेच त्यांचं अन्न. खड्ड्यात मीठ झिरपलं की कंद सडतो. मग पोट भरायचं ते बोटीतून येणाऱ्या तांदळावर आणि मैद्यावर. गृहिणीला गाव सुटल्याची खूण इथेच पटते, परसातलं तोडून शिजवणं बंद झालं की.

ह्या वाचनात मला सगळ्यांत भावल्या त्या कार्टरेट बेटांवरच्या बाया. पापुआ न्यू गिनीतल्या बोगनव्हिलजवळची ही चिमुकली बेटं. तिथेही कंद गेले, भरती घरांशी आली. २००६ मध्ये तिथल्या वडीलधाऱ्यांनी आपली एक संस्था काढली आणि तिची धुरा उर्सुला राकोव्हा या तिथल्याच बाईंच्या हाती दिली. सरकार काय करतं याची वाट बघत न बसता त्यांनी बोगनव्हिलच्या मोठ्या बेटावर चर्चने दिलेली जमीन घेतली. एकेक कुटुंब नेलं, घरं बांधली, कोको आणि केळी लावली. काम रखडत चाललंय, सगळे अजून गेलेले नाहीत. पण एक गोष्ट ऐका. त्या समाजात जमीन आईकडून मुलीकडे जाते. त्यामुळे गाव सोडायचं की नाही, या बोलण्यात बाईला बसवावंच लागतं. तिचीच जमीन बुडते आहे ना!

आपल्याकडे पाणी बाईच्या डोक्यावर आणि सातबारा पुरुषाच्या नावावर. १९९० च्या आसपास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, तेव्हा महाराष्ट्रातल्या पुष्कळ शेतकऱ्यांनी जमिनीचा वाटा बायकोच्या नावे करून दिला. माझ्या माहेरच्या गावात कोणी केला नाही. त्या वर्षी कापूस बरा पिकला होता, सगळे कामात होते, असं मला सांगण्यात आलं.

किरिबाती नावाच्या दुसऱ्या बेटांच्या देशाने आणखी एक शहाणपणा केला. त्यांचे अध्यक्ष अनोटे टाँग म्हणत, जायची वेळ आलीच तर आमची माणसं निराधार म्हणून नव्हे, मानाने गेली पाहिजेत. २०१४ साली त्यांनी फिजीत सुमारे २० चौरस किलोमीटर जमीन विकत घेतली. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. २००६ पासून काही वर्षं तिथल्या मुलामुलींना ऑस्ट्रेलियात पाठवून नर्सिंगचं शिक्षण दिलं. हातात विद्या असली, की परक्या गावात माणूस पाहुणा राहत नाही. नुसतं जाण्याने काय होतं, तेही त्याच देशातल्या योआने तेइतिओता यांच्यावरून कळतं. ते न्यूझीलंडला गेले, निर्वासित म्हणून राहू द्या म्हणाले. न्यायालयांनी ऐकलं नाही आणि २०१५ मध्ये त्यांना परत पाठवलं. २०२० साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनेही त्यांच्या बाजूने निकाल दिला नाही. इतकंच म्हटलं, की हवामानामुळे जिथे जिवाला धोका आहे, तिथे माणसाला परत पाठवणं पुढे चुकीचं ठरू शकेल. पुढे, म्हणजे केव्हा, ते त्या लेकरांच्या आईने कोणाला विचारायचं?

दूर कशाला जा, अकोट तालुक्यातच पाहा. मेळघाटातली केलपाणी, गुल्लरघाट, धारगड अशी गावं व्याघ्र प्रकल्पासाठी डोंगरातून उठवून खाली सपाटीवर आणली. पैसे मिळाले, पण पुष्कळांच्या हाती जमीन नाही, आजारपणं वाढली अशा तक्रारी झाल्या, आणि २०१७ नंतर काही कुटुंबं चक्क परत जंगलाकडे चालत गेली. पैसा संपतो. नवीन गावात आपलं म्हणून काय आहे, हे आधी पाहायला हवं.

आता तुमचं चौथं पान.

बाई, तुम्हाला कोणी विचारलं नाही म्हणता. विचारणार नाहीतच. तेव्हा असं करा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिता ना, त्याच चौकोनात महिनाभर पाण्याचा लिहा. आज गोड्या पाण्याच्या किती गुंड्या, किती वेळ गेला, कॅनचे किती रुपये, कोणाचं पोट बिघडलं, मुलाची शाळा बुडाली का. महिन्याने ते कॅलेंडर जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर ठेवा. घरातल्या पाण्याची मोजदाद तुमच्याखेरीज कोणाला ठाऊक आहे? तुमच्या यजमानांना नाही, सासूबाईंना होती, पण ती जुनी झाली.

शेत विकू देऊ नका. जायचंच तर ठोक्याने द्या, पण विकू नका. अकोल्यात जागा घ्याल, ती दोघांच्या नावावर घ्या. हे मागताना लाजू नका, नवरा चांगला असेल तर रागावणार नाही, आणि रागावला तर मागितलंत ते बरंच झालं. जागा घेण्याआधी शेजारणीला विचारा, उन्हाळ्यात नळ किती दिवसांनी येतो. महानचं धरण आटलं की अकोल्याचेही हाल होतात, तिथे काही गंगा वाहत नाही. तुम्ही पत्रात सहज लिहिलंय, की गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवता. ते सहज नाही. मशीन बरोबर न्या, आणि जायच्या आधी ड्रेस, फॉल-पिको सगळं शिकून घ्या.

आणि पावसाळ्याआधी, राहणार असाल तरी आणि जाणार असाल तरी, घराच्या टिनांना पन्हाळ लावून घ्या. ५०० चौरस फुटांच्या छपरावर एक सेंटीमीटर पाऊस पडला तर साडेचारशे लिटरहून जास्त पाणी येतं, म्हणजे पंधरा लिटरच्या तीस घागरी, एका सरीत. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, तोंडाला कापड बांधायचं, टाकं झाकून ठेवायचं म्हणजे डास होत नाहीत. टुवालूत घरोघर हेच करतात. ते पाणी डाळीला आणि चहाला. प्यायचं असेल तर उकळून.

माझ्या भाच्याचं लग्न यामुळेच जमलं म्हणा ना. सहाव्या वर्षी मूर्तिजापूरकडची एक मुलगी पाहायला बोलावली होती, ती म्हणाली, आधी मीच तुमचं घर पाहते. आली. वहिनीने कॅनचं पाणी पेल्यात दिलं, ती म्हणाली, "हे नाही, विहिरीचं द्या." सगळ्यांच्या देखत अर्धा पेला प्यायली. तोंड वाकडं न करता पेला खाली ठेवला आणि भाच्याकडे बघून म्हणाली, "टाकं बांधसान का?" त्याने मे महिन्यात बांधलं, जूनमध्ये लग्न. टाक्याला तडा गेला होता, तो पहिल्याच पावसात कळला, ते सोडा.

सासूबाईंचं मात्र सांभाळून घ्या. त्यांना पाण्याचं भय नाही, अकोल्याच्या दोन खोल्यांत दिवसभर एकटं बसायचं भय आहे. आधी आठ दिवस नेऊन आणा. माझी काकू, वय ८२, मागच्या थंडीत डोळे दाखवायला माझ्याकडे आली होती. सकाळी आलं घालून झकास चहा दिला. एक घोट घेऊन तिने कप खाली ठेवला. "चहाले चवच नाही वं बाई," म्हणाली, "पानी फिक्कं हाये तुमचं." मग उठली, ओट्यावरची बरणी स्वतःच उघडली, चिमूटभर मीठ कपात घातलं आणि सगळा चहा प्यायली.